नानकटाई: ग्रॅमचं प्रमाण कपात कसं बसवू?

रेवती_प
दिवाळीला यंदा नानकटाई घरीच करणार आहे. नणंदेने प्रमाण पाठवलंय, पण सगळं ग्रॅममध्ये: मैदा २००, बेसन ५०, पिठीसाखर १२५, तूप १५०, शिवाय पाव चमचा सोडा नि वेलची. माझ्याकडे काटा नाही. स्टीलच्या वाट्या आहेत आणि २४० मिलिचा एक कप. नेटवर कुणी कपभर मैदा १२० ग्रॅम सांगतं, कुणी १५०. कोणाचं धरू?

खादाड_भाऊ
चार-पाचशेत डिजिटल काटा मिळतो. घ्या आणि मोकळ्या व्हा.

रेवती_प
घेईन हो, पण पीठ आज मळायचंय!

सुमनमावशी
रेवती, दोघंही खरं सांगतायत. चमच्याने हलकं घालून वरून सुरीने सपाट केलंस तर त्या कपात मैदा १२०-१२५ ग्रॅम मावतो. तोच कप डब्यात खुपसून भरलास की १४०-१५०. पडताळा हवा तर अर्ध्या किलोचा नवा पुडा फोड. चमच्याने भरत गेलीस तर चार कप होतात, खुपसून भरलेस तर साडेतीनलाच पुडा रिकामा. वाटीनेच मोजायचं असेल तरी हाच हिशोब: ५०० ला वाट्यांनी भाग. आहेरात आलेल्या वाट्यांना कुठलाच तक्ता लागू पडत नाही, एकीत १५० मिलि मावतं तर दुसरीत २००.

तुझ्यासाठी मैदा दीड कप आणि वर दोन मोठे चमचे, सपाट. बेसन चाळून अर्धा कप. पिठीसाखर डब्यात दबून बसलेली असते, तीही चाळूनच एक कप घे.

तूप मात्र वितळवून मोज. थिजलेलं चमच्याने भरलं की मध्ये पोकळ्या राहतात. आणि ते पाण्यापेक्षा हलकं, लिटरभर तूप ९००-९१० ग्रॅमच भरतं. म्हणजे १५० ग्रॅमला साधारण १६५ मिलि: पाऊण कप भर आणि त्यातून एक मोठा चमचा काढ. मग पुन्हा थिजू दे. पातळ तूप साखरेबरोबर नीट फेसलं जात नाही आणि नानकटाई ट्रेमध्ये पसरते.

न्यूजर्सीकर
बटरवाल्यांसाठी जोडतो: इथली बटरची एक स्टिक म्हणजे ११३ ग्रॅम, अर्धा कप. तिकडचं १०० ग्रॅमचं पाकीट तिच्या जागी घातलंत तर कमी पडेल. आणि पाककृती ऑस्ट्रेलियाची असेल तर कप २५० मिलिचा नि मोठा चमचा २० मिलिचा असतो, आपला १५ चा.

रेवती_प
मावशी, सोड्याचा पाव चमचा म्हणजे पोह्यांच्या चमच्याचा का?

सुमनमावशी
नाही गं बाई! ५ मिलिच्या लहान चमच्याचा. खोकल्याच्या औषधाच्या मापावर ५ ची खूण असते ना, तेवढं पाणी चमच्यात ओतून बघ, कितपत मावतंय ते कळेल. सोडा वाढला तर नानकटाई साबणासारखी लागते, आणि मग वेलचीही काही करू शकत नाही.

पीठ मुठीत दाबून बघ. वळून तडे गेले तर चमचाभर तूप घाल. आणि सगळा ट्रे एकदम लावू नकोस, आधी एकच भाज. ती पसरली तर उरलेल्या पिठात थोडा मैदा मिसळ.