गोराई-मनोरीला सातवीच्या मुलांना काय दाखवावं?

भूगोलाच्या_बाई
नमस्कार. बोरिवलीच्या एका शाळेत भूगोल शिकवते. डिसेंबरात परिसरभेटीसाठी मुलांना गोराई-मनोरीला न्यायचा विचार आहे. कुठेही शोधलं तरी पॅगोडा आणि बीच एवढंच पुढे येतं. खाडीपलीकडे शेती करणारी, मासळी सुकवणारी गावं आहेत हे वर्गातल्या बहुतेकांना ठाऊकच नाही. तिथलं मूळचं काय बघावं?

मनोरीकर
बाई, तुम्ही गावं बघायला येताय हे वाचून फार बरं वाटलं. मी इथल्याच कोळीवाड्यातला.

पहिली विनंती, मुलांना बोटीने आणा. रस्त्याने यायचं तर दहिसर, भाईंदर, उत्तन असा केवढा वळसा! त्या खाडीनेच तर मुंबईच्या हद्दीत राहूनही आमची खाचरं वाचली. पूर्वेला खाडी आणि तिवरं (खारफुटीची झाडं), पश्चिमेला उघडा दर्या, मधल्या सखल पट्टीत पावसाळी भात आणि पुढे विहिरीच्या पाण्यावर भाजी. या सगळ्या टापूचं जुनं नाव धारावी बेट. माहीमजवळची धारावी वेगळी.

डिसेंबरात वलांड्या भरलेल्या असतात. उभ्या बांबूंना आडव्या दोऱ्या बांधून त्यावर बोंबील टाकतात, त्या वलांड्या. मुलांना अगदी जवळ उभं करा. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात, एक अलीकडे, एक पलीकडे. गाठ नाही, काटा नाही. बायकांचे हात इतके भराभर चालतात की नजर ठरत नाही. ओला बोंबील म्हणजे नुसतं पाणी, म्हणून ऊन आणि वारा दोन्ही लागतात.

हे बोंबील डोलीत मिळतात. डोल म्हणजे खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं. माशामागे धावायचं नाही, पाण्याची ओढच मासळी आत आणते. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, म्हणजे उधाणाला धंदा आणि अष्टमीच्या आसपास पाण्याची ओढ कमी असते त्या भांगाला जाळी शिवणं. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, त्या सुमारास पूर्ण भरती. वर्गात हे गणित जरूर करून घ्या.

गडवाटा
इतिहासही जोडा. मुंबई बेट १६६१ च्या तहाने इंग्रजांकडे जायचं ठरलं, पण साष्टी (मुंबईच्या उत्तरेचं बेट, आजची उपनगरं) आणि हा भाग पोर्तुगीजांकडेच राहिला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत धारावीचा किल्ला मराठ्यांनी घेतला. त्याचे अवशेष उत्तनजवळ चौकला आहेत. खाडीच्या पलीकडे वसई आहे, तिथे उभं राहिलं की ही जागा का हवी होती ते मुलांना लगेच कळेल.

मनोरीकर
किल्ला चांगलाच आहे, पण एका दिवसात दोन्ही केलं तर मुलं दमतील आणि काहीच नीट बघणार नाहीत. चौक वेगळ्या दिवशी करा. त्यापेक्षा गोराईत ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची जुनी घरं आणि वाटेवरचे क्रूस दाखवा. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारी, घरात मराठीच बोलणारी. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो, तेव्हा नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतात. पुढच्या वर्षी जमलं तर तेव्हाही या. शेतकऱ्याचा सण मुंबईतच बघायला मिळेल.

भूगोलाच्या_बाई
मग अष्टमी धरू का? आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. मुलांना तिवरांची वर आलेली मुळं दिसतील.

मनोरीकर
गणित बरोबर. अष्टमीला भांग असतो, म्हणजे पुरुषमंडळीही घरी, जाळी शिवत बसलेली. मुलांनी प्रश्न विचारले तर उत्तर द्यायला वेळ असेल. फक्त पाणी फार लांब हटणार नाही, तेव्हा चिखलात कुणाला उतरवू नका. आणि फोटो काढण्याआधी वलांडीवरच्या बायकांना विचारा, त्यांचा तो कामाचा वेळ असतो.