ड्रोनवरून सगळंच देखणं दिसतंय, म्हणून काय?

कडक_भाकरी: परवा एकानं लिहिलं, संभाजी तलावातल्या जलपर्णीचा ड्रोन फोटो काढणारा म्हणजे 'आपल्या सोलापूरचा बर्टिन्स्की', आणि असल्या फोटोंमुळंच लोक जागे होतात. डोकंच फिरलं. कॅनडाचा फोटोग्राफर एडवर्ड बर्टिन्स्की, त्यानं बांगलादेशात चितगावला भंगारात काढलेल्या जहाजांचे फोटो काढले, भलेमोठे प्रिंट, गॅलरीत लागतात. लोखंड कापणारी माणसं त्यात एवढुशी, आणि गंज इतका देखणा की घाण वाटतच नाही. जलपर्णीखाली कॅप्शन काय तर 'हिरवा गालिचा'! काठावर या की, नाक उघडं ठेवून.

माळढोक_कुठाय: घाण दाखवली तर लोक अंगठ्यानं वर सरकवतात, देखणं असलं की थांबतात. आणि सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका. साल्गाडो हा ब्राझीलचा फोटोग्राफर, त्यानं 1986 ला तिथल्याच सेरा पेलादा सोन्याच्या खाणीत फोटो काढले, त्यात चिखलानं माखलेली माणसंच माणसं आहेत. नंतर साल्गाडो नवरा-बायकोनं त्याच्या वडिलांच्या उजाड जमिनीवर 1998 पासून जंगल उभं केलं, लाखो झाडं. तुमची किती?

टॉवेलवाला: झाडं राहू द्या. आमच्या पूर्व भागात येतात, माझ्या आईचे विडी वळतानाचे नुसते हात काढतात, खाली 'श्रमाची ओळख'. नाव विचारलं नाही, फोटो दाखवला नाही. उजनी धरणाचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ उघडं पडतं, लगेच कॅमेरे हजर. ज्यांची गावं बुडाली त्यांना कोण विचारतंय?

होटगी_रोड: फोटोचंच बोलताय तर 2023 ला सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा अख्खं गाव मोबाईल घेऊन उभं होतं, त्यातला एक तरी फोटो नंतर बघितला का कुणी

माळढोक_कुठाय: चिमणी विमानाच्या वाटेत होती, ती पडली म्हणून सोलापुरात विमान आलं.

होटगी_रोड: काय बोलायलाव बे! विमानात कोण बसतंय, ऊसवाला का? नळाला चार-पाच दिवसांनी पाणी आणि हे निघाले गोव्याला.

माळढोक_कुठाय: उजनीचं पाणी पितोय कोण? तुमचा ऊसच की. त्याचा काढा एक फोटो.

होटगी_रोड: ऊस काढला तर खाऊ काय, तुमचे ड्रोन?

कडक_भाकरी: विमान आणि ऊस दुसरीकडं भांडा रे. साल्गाडोचं जंगल मान्य, बास? दोन हार घालतो. पण टॉवेलवाल्याला उत्तर कुणी दिलं नाही.

माळढोक_कुठाय: विचारून काढावा, नाव लिहावं, एवढं कबूल. पण विचारलं की माणूस केस विंचरून पोज देतो, मग त्यात खरं काय राहिलं?

टॉवेलवाला: देऊ द्या की पोज. आई साडी बदलून येईल, शेजारच्या अक्कालाबी हाक मारेल. मग काढा.