ऑफिसातले जुने डेस्कटॉप ठीक करून गरजू घरांत द्यायचेत, सुरुवात कुठून करू?

गोदाकाठचा:
नमस्कार मंडळी. मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. कॉम्प्युटरवाला नाही पण पाना-पकड हातात शोभते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून आमच्या ऑफिसातली जुनी मशिनं बदलतायत आणि स्टोअरमध्ये २२ डेस्कटॉप नि ५ लॅपटॉप धूळ खात पडलेत. भंगारवाला किलोवर न्यायला टपून बसलाय. मी साहेबांना म्हटलं मला द्या, आमच्या वस्तीत लागतील. साहेब हो म्हणाले पण दोन अटींवर, कंपनीचा डेटा बाहेर जाता कामा नये आणि नंतर कुणी दुरुस्तीसाठी गेटवर येता कामा नये.

द्यायचेत कुणाला तर आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी, दोन-चार रिक्षावाले, गवंडी यांच्या घरी. पोरं नववी ते बारावीतली. घरात एकच स्मार्टफोन, तो बाप सकाळी घेऊन जातो. यंदा मावशींच्या मुलीचा अकरावीचा ऑनलाइन फॉर्म कॅफेत भरला तर कॉलेजांचे पसंतीक्रम त्या कॅफेवाल्यानेच आपल्या मनाने टाकून दिले, पोरगी आता रोज दोन बस बदलून जाते. तेव्हापासून डोक्यात बसलंय.

मशिनं बहुतेक आय३ चौथी जनरेशन, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. पाच त्याहून जुनी, कोअर टू ड्युओ. प्रश्न असे की फॉरमॅट मारलं की डेटा गेला असं समजायचं का, विंडोज टाकू की लिनक्स (ती फुकट मिळणारी सिस्टिम), आणि सगळीच मशिनं ठीक करायच्या लायकीची आहेत का. पैसे खिशातले जाणार आहेत, मित्र मिळून पंधरा-वीस हजार होतील.

तापकीरगल्ली:
भाऊ आधी एक सांगतो, २७ च्या २७ वाचवायच्या भानगडीत पडू नका. मी पुण्यात चौदा वर्षं एएमसीवर (वर्षाच्या देखभाल करारावर) पीसी दुरुस्त केलेत आणि गेली पाच-सहा वर्षं हाच उद्योग रविवारी फुकट करतोय. २२ मधून १५ धडधाकट निघाले तरी जिंकलात. कोअर टू ड्युओ बाजूला ठेवा, त्यात बहुधा डीडीआर२ रॅम असते, ती तुमच्या आय३ ला लागत नाही, म्हणजे सुट्या भागांनाही फारसा उपयोग नाही. कीबोर्ड, माऊस, पॉवर केबली काढून घ्या नि विषय संपवा. कुणाला द्यायचं म्हणून काहीही देऊ नये. मशीन सुरू व्हायला चार मिनिटं लागली की पोरगं दुसऱ्या दिवशी तिकडे फिरकत नाही.

डेटाचं. साध्या क्विक फॉरमॅटने फक्त पुस्तकाची अनुक्रमणिका फाटते, पानं तशीच राहतात. मला एकदा अशा 'फॉरमॅट केलेल्या' डिस्कमधून अख्ख्या स्टाफचे पगार, पॅन नंबर, बँक खाती मिळाली होती. एनवाइप नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, श्रेडओएस पेनड्राइव्हवर टाकलं की त्यातच येतं, हार्ड डिस्कवर शून्यं फिरवायची, एक फेरी पुरते. ५०० जीबीला दीड-दोन तास लागतील, रात्री लावून झोपा. एखादी एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) असली तर मात्र हे नको, तिला सिक्युअर इरेज, म्हणजे डिस्कचा स्वतःचाच पुसायचा हुकूम द्यायचा, बऱ्याच मशिनांत तो बायोसमध्येच (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगात) असतो. आणि जी डिस्क फेरी पूर्णच करत नाही तिला ड्रिल मशीनने तीन भोकं, ते काम तर तुम्हाला येतंच. प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर आणि पुसल्याची तारीख वहीत लिहा नि सही करून साहेबांना द्या, त्यांचा जीव भांड्यात पडेल.

साफसफाई गच्चीवर किंवा अंगणात, ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. रॅमची पिवळी टोकं खोडरबराने घासायची, निम्मी 'मेलेली' मशिनं एवढ्यावर उठतात, खोटं नाही सांगत. प्रोसेसरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावा. मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले तर तो बोर्ड सोडून द्या. रॅम मेमटेस्टवर (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) रात्रभर लावा.

आणि सीआर२०३२ चा सेल, मदरबोर्डवरचा तारीख-वेळ सांभाळणारा नाण्याएवढा, तो न तपासता सगळ्यांचा बदला. यामागे माझी फजिती आहे. एका शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे पीसी दिला होता, तेव्हा मीही विंडोज १० टाकून द्यायचो. तीन महिन्यांनी गेलो तर त्यावर विणलेलं कव्हर, वर गणपती. म्हणाल्या, 'दादा, पहिले आठ दिवस चालला, मग नेट बिघडलं, काहीच उघडत नाही, रिचार्ज पण दोनदा मारला.' बघतो तर तारीख २०१३. सेल मेलेला. ऑफिसात भिंतीवरचं बटण कधी कुणी बंद करत नाही म्हणून मशीनला आतून थोडी वीज मिळत राहते आणि सेल मेलाय हे वर्षानुवर्षं कळत नाही, घरी मात्र माणूस रात्री बटण बंद करून झोपतो. मग तारीख मागे जाते, सगळ्या वेबसाइटी सर्टिफिकेट चुकीचं म्हणून लाल पाटी दाखवतात, आणि इतका मोठा फरक विंडोज आपोआप सुधारतही नाही. तीस-चाळीस रुपयांच्या सेलपायी तीन महिने आणि दोन रिचार्ज पाण्यात.

खर्चात पहिला नंबर एसएसडीचा, १२० किंवा २४० जीबीची कुठलीही, जमलं तर मग रॅम ८ करा. जुनी डीडीआर३ सेकंडहँड मिळते. लॅपटॉपसाठी घेताना डीडीआर३एल बघून घ्या, कमी व्होल्टेजची, चौथ्या जनरेशनच्या लॅपटॉपना साधी डीडीआर३ बहुतेक चालत नाही आणि दुकानदार दोन्ही एकच म्हणून विकतो.

वाकडा_प्रश्न:
उपक्रम चांगला आहे पण मला कळत नाही की २०२६ मध्ये डेस्कटॉप कशाला? सगळं मोबाईलवर होतं. आणि ते लिनक्स वगैरे आपल्या हौसेसाठी ठीक आहे, पोरं क्लासला नि कॉलेजात विंडोज आणि एक्सेलच बघणार, नोकरीच्या ठिकाणी पण तेच. गरिबाला द्यायचं म्हणून वेगळंच काहीतरी शिकवायचं हे मला पटत नाही. रुफस (पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायचं सॉफ्टवेअर) वापरून विंडोज ११ जुन्या मशीनवर बसतं, यूट्यूबवर शंभर व्हिडिओ आहेत.

खडूफळा:
@वाकडा_प्रश्न मी सोलापूरकडे हायस्कूलला शिकवते, मोबाईलवर सगळं होतं हे ऐकून ऐकून कान किटले. मोबाईलवर बघणं होतं, करणं होत नाही. दहावीच्या मुलांना एका पानाचा अर्ज टाइप करायला सांगा, फॉर्मसाठी फोटो ठराविक केबीत बसवायला सांगा, पीडीएफ कुठे सेव्ह झाली ते शोधायला सांगा. रील एडिट करणारी पोरं तिथे अडकतात. आणि मोबाईल सगळ्यांकडे आहे म्हणताना तो कुणाच्या खिशात आहे हेही बघायला हवं, गोदाकाठचे दादांनी वर लिहिलंच आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत खेड्यांतल्या शंभरात चार-साडेचार घरांतच कॉम्प्युटर होता, शहरांत तेवीस. नंतर मोबाईल वाढले, पण माझ्या वर्गात हात वर करायला सांगितले तर आजही कॉम्प्युटरवाले हात बोटांवर मोजता येतात.

दादा, मशीन देण्याआधी त्या घरी एकदा जाऊन चहा पिऊन या. खोली केवढी, प्लग किती, टेबल आहे का ते बघा. आम्ही पहिल्या वर्षी चार घरी दिले, त्यातल्या एका घरी प्लग एकच आणि तो मिक्सर-मोबाईल-पंख्यात वाटलेला. एके ठिकाणी भाड्याची खोली, सबमीटर, मालकीणबाई म्हणाल्या कॉम्प्युटर आला म्हणजे दोनशे रुपये जास्त. मग मी बसून हिशेब करून दाखवला, सीपीयू नि मॉनिटर मिळून ८० वॅट धरा, रोज तीन तास, महिन्याला साधारण सात युनिट. दोनशे कुठून आले? तेव्हा गप्प बसल्या. तो हिशेब आता मी कागदावर लिहूनच देते. टेबल नसेल तर बंद शिलाई मशीनचा पाट छान चालतो, पत्र्याची पेटी नको, पाय घालायला जागा राहत नाही नि पोरगं वाकडं बसतं.

आणि देताना मुलाच्या हातात देऊ नका, आईसमोर बसून सुरू-बंद करायला आईलाच शिकवा. नाहीतर भाऊ पासवर्ड टाकतो आणि बहिणीला हात लावू देत नाही. आमच्याकडे झालंय. आता दोन वेगळी खाती करून देतो, बहिणीचं आधी.

तापकीरगल्ली:
ताईंना दंडवत, प्लगचं मला इतक्या वर्षांत सुचलं नाही, मी मशीन टेकवून निघून यायचो.

@वाकडा_प्रश्न तुमचा मुद्दा अगदीच चूक नाही. पण रुफसने बसवलेलं ११ म्हणजे कंपनी स्वतः सांगते की या मशीनवर आमची जबाबदारी नाही, उद्या मोठं अपडेट अडलं की त्या घरी निस्तरणार कोण? माझ्या स्वतःच्या पीसीवर मी ते करेन, दुसऱ्याला देताना नाही. चौथ्या जनरेशनला ११ अधिकृतपणे चालतच नाही, आठवी जनरेशन आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. गोदाकाठचे, तुमच्या पाच लॅपटॉपांत एखादा आठव्या जनरेशनचा निघाला तर त्यावर खुशाल विंडोज ठेवा, त्याची लायसन्स की बहुधा बायोसमध्येच असते, नव्याने टाकलं की आपसूक ॲक्टिव्हेट होतं. बाकी सगळ्यांवर लिनक्स मिंट, एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉप) वालं. मिंट २२ ही आवृत्ती २०२९ पर्यंत अपडेट घेते. एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस कॅल्क, सूत्रं तीच. एमएस-सीआयटीला जाताना बटणं वेगळ्या जागी दिसतील एवढंच, ज्याला बेरजेचं सूत्र कळलंय तो बटण शोधतो. आणि क्रॅक केलेलं विंडोज तर नकोच नको, त्यासोबत काय काय येतं ते मी इतकी वर्षं साफ करत आलोय.

एक युक्ती, मिंटच्या बूट मेनूत ओईएम इन्स्टॉल असं असतं. ते निवडलं की सगळं बसवून झाल्यावर पुढचं खातं नि नाव ज्याचं मशीन तोच पहिल्यांदा सुरू करताना टाकतो, नव्या डब्यासारखं. मावशींच्या पोरीने आपलं नाव आपण टाइप केलं की ते मशीन तिचं झालं. एक मशीन मनासारखं तयार करा, क्लोनझिला सॉफ्टवेअरने इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) काढा आणि बाकीच्यांवर ओता, पंधरा वेळा तेच करत बसू नका.

लॅपटॉपचं मात्र आजच्या आज बघा, आयटीवाल्याला विचारून बायोसचा पासवर्ड काढून घ्या आणि कंपनीच्या रेकॉर्डमधून ती मशिनं मोकळी करून घ्या. नाहीतर तो माणूस नोकरी सोडून जाईल आणि लॅपटॉप पोळपाट म्हणून वापरावा लागेल. बॅटरी फुगलेली असली तर दाबू-टोचू नका, काढून वेगळी ठेवा, बहुतेक लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालतात. डेलचे असतील तर लोकल चार्जर घेऊ नका, ते मशीन चार्जर ओळखत नाही, मग चार्जही करत नाही नि मुद्दाम हळू चालतं.

साडेतीन_इंच:
कागदपत्रांचं कुणी बोललं नाही म्हणून. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, मोठ्या वापरकर्त्या कंपन्यांना ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, रिसायकलर किंवा रिफर्बिशरकडेच (जुनं ठीक करून देणाऱ्याकडे) द्यावा लागतो. तुमची कंपनी त्यात मोडते का ते अकाउंट्सला विचारा आणि पत्रावर 'भंगार' न लिहिता वापरण्याजोगी मशिनं दान असं लिहून घ्या, मशीनचे नंबर टाकून. उरलेली कोअर टू ड्युओ नि फुगलेल्या बॅटऱ्या कंपनीमार्फतच रिसायकलरकडे जाऊ द्यात. तो किलोवाला तांब्यासाठी वायरी जाळतो, धूर पुन्हा तुमच्याच वस्तीत.

गोदाकाठचा:
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. काल रविवारी आम्ही तिघांनी पाच उघडली. एकात पालीची अंडी, एकात मुंग्यांनी एसएमपीएसमध्ये (वीज पुरवणाऱ्या डब्यात) संसार मांडलेला. खोडरबराने खरंच दोन उठली राव, माझा मित्र तर टाळ्याच वाजवायला लागला. एकाचे चार कपॅसिटर टम्म, तो बाजूला. सेल पाचही मेलेले, पाचच्या पाच! आयटीवाला महिनाअखेर सोडून चाललाय हे पण कळलं, आज त्याला गाठून पाचही लॅपटॉप मोकळे करून घेतले. तापकीरगल्ली, तुमच्या तोंडात साखर.

संध्याकाळी मावशींच्या घरी जाऊन आलो, प्लग दोन आहेत पण एक सैल, तो मीच बदलून देणार. पोरीने विचारलं, मराठी टाइप होतं का? मला उत्तर नव्हतं.

खडूफळा:
होतं की. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगात मराठी जोडा, इनस्क्रिप्ट (सरकारी मांडणी) आणि कागपा फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांवरून) दोन्ही मिळतात. पोरीला इनस्क्रिप्टच शिकवा, आठ दिवस रडेल मग सुसाट, कीबोर्डवर अक्षरांचे स्टिकर लावून द्या. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये आधीच डाउनलोड करून टाका, आणि किविक्स नावाच्या ॲपने मराठी विकिपीडिया नेटशिवाय वाचता येतो तोही. नेट रोज बापाच्या हॉटस्पॉटवर, म्हणजे रात्री नऊनंतर.

तापकीरगल्ली:
मॉनिटर बघितलेत का? ऑफिसच्या डब्यांना मॉनिटर जोडायला बरेचदा व्हीजीए आणि डिस्प्लेपोर्टच असतं, एचडीएमआय नसतं. स्टोअरमध्ये व्हीजीए केबली किती आहेत ते मोजा आणि भंगारवाल्याच्या हाती लागायच्या आत गोळा करा.