मदत हवी आहे: ऑडिओग्राम नॉर्मल, पण गोंगाटात शब्दच लागत नाहीत

नमस्कार मंडळी,

शांत खोलीत मला कुजबुजही ऐकू येते. पण चार जण एकदम बोलू लागले की आवाज येतो, शब्द लागत नाहीत. 'साठ' म्हणाले की 'आठ', ते ओठांकडे बघून ठरवायचं. बऱ्याचदा नुसतीच मान डोलावतो. ऑडिओमेट्रीत (ऐकण्याच्या तपासणीत) दोन्ही कान 20 डेसिबलच्या आत, त्यामुळे "कान उत्तम आहेत" म्हणून बोळवण झाली. तक्रार गोंगाटाची आणि तपासणी बंद खोलीत, हे काही पटलं नाही.

शोधाशोध करताना कळलं की श्रवणाच्या नसा फक्त कानाकडून मेंदूकडे जात नाहीत. मेंदूच्या खोडातून कानाकडे उलटे येणारे तंतूही असतात. संशोधक रासमुसेन यांनी 1946 मध्ये त्यांचं वर्णन केलं, आणि ते कानाची संवेदनशीलता कमी करतात म्हणे. इथेच गाडी अडली. रेडिओचा आवाज कमी केला तर खरखर आणि गाणं दोन्ही कमी होतात. मग कान 'कमी' करून बोलणं जास्त कसं कळेल? आणि माझी हीच यंत्रणा ढिली आहे का, हे तपासता येतं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

शंका रास्त आहे. गोम अशी की कान रेडिओसारखा सगळं सारखंच वाढवत नाही. आतल्या कानातल्या शंखासारख्या भागात, म्हणजे कॉक्लियात, कंपनं टिपणाऱ्या साधारण 3,500 आतल्या केशपेशी असतात आणि 12,000 बाहेरच्या. मेंदूकडे बातमी नेणारे बहुतेक तंतू आतल्या पेशींना जोडलेले. बाहेरच्या पेशी स्वतः आखडून-लांबून कंपनं वाढवतात, तेही हळू आवाजांना जास्त आणि मोठ्यांना कमी. उलट्या तंतूंतले काही येतात ते या बाहेरच्या पेशींवर. तिथे अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन सोडून ते ही वाढ आवरतात.

आता सतत घोंघावणारा आवाज घ्या. त्याने श्रवणतंतू अखंड पेटते राहतात आणि थकतात, नव्या आवाजाला द्यायला त्यांच्याकडे फारसं उरत नाही. लगाम बसला की घोंगावणं दबतं आणि तंतूंना उसंत मिळते. मग 'प', 'ट', 'क' असा क्षणभराचा, त्याहून मोठा ठोका आला की ते जोरात उत्तर देतात. आवाज कमी झाला, पण फरक वाढला, आणि बोलणं कळतं ते फरकावर. पूर्ण शांततेत मात्र हाच लगाम तोट्याचा.

माणसांतला एक पुरावा: हे उलटे तंतू तोलाच्या नसेबरोबर कानात शिरतात. चक्कर थांबवण्यासाठी ती नस कापलेल्या रुग्णांत तेही तुटतात. निरोगी माणसाच्या दुसऱ्या कानात गोंगाट सोडला की पहिल्या कानाला शब्द थोडे बरे कळतात. शस्त्रक्रिया झालेल्या कानांत हा फायदा दिसला नाही. पण सगळेच प्रयोग इतके स्वच्छ नाहीत, त्यामुळे सगळं खापर या तंतूंवर फोडू नका.

प्रतिसाद २

तपासणीबद्दल. कान स्वतः अगदी बारीक आवाज बाहेर टाकतो, संशोधक केम्प यांनी 1978 मध्ये दाखवलेलं. दुसऱ्या कानात गोंगाट सोडला की हा आवाज थोडा घटतो, साधारण एखाद-दोन डेसिबल. तीच लगामाची खूण. पण हे मुख्यतः संशोधनात चालतं, त्यावरून तुमच्या तक्रारीचं निदान होणार नाही. ऑडिओलॉजिस्टकडे थेट 'स्पीच इन नॉईज' (गोंगाटात शब्द किती कळतात ती) चाचणी मागा.

आणखी एक संशयित आहे. 2009 मध्ये संशोधक कुजावा आणि लिबरमन यांना उंदरांत दिसलं की मोठ्या आवाजाने केशपेशी वाचल्या आणि ऐकण्याची पातळीही पूर्ववत झाली, पण पेशी आणि तंतू यांच्यातले बरेचसे जोड कायमचे गेले. माणसात हे जिवंतपणी नक्की ओळखणारी चाचणी अजून नाही. हेडफोन, कारखाना, ढोलताशे असा काही इतिहास असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

तोवर भिंतीला पाठ करून बसा आणि बोलणाऱ्याचं तोंड उजेडात राहील असं बघा. बैठकीत बोलणाऱ्याजवळ ठेवायचा वायरलेस माइक खरंच उपयोगी पडतो.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. फरक वाढतो, हे आता डोक्यात शिरलं. स्पीच इन नॉईजसाठी विचारतो. एकच उपशंका: मोठ्या आवाजाला कानातला स्नायू आकसतो म्हणतात, ते हेच का?

प्रतिसाद १

नाही, तो मधल्या कानातला स्टेपिडियस. तो बऱ्याच मोठ्या आवाजाला जागा होतो आणि मुख्यतः खालच्या पट्टीचे आवाज अडवतो. हे उलटे तंतू त्याच्या कितीतरी आधी, मध्यम गोंगाटातच कामाला लागतात. चाचणीचा निकाल आला की इथेच टाका.