एकच लन चौघांना देऊ नका

एकाने विचारलंय की चार सर्व्हर डिस्कशिवाय नेटवर्कवरून बूट करायचेत तर चौघांना एकच आयस्कझी लन (नेटवर्कवरून मिळणारी, पण सर्व्हरला स्वतःचीच वाटणारी डिस्क) दिला तर चालेल का. नाही चालणार हो! एक्सटी४ला (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली मांडायची पद्धत) पत्ताच नसतो की त्याच डिस्कवर अजून कोणी लिहितंय, दोन मशीननी एकदम लिहिलं की फाइलसिस्टिमची पार वाट लागते. एकतर प्रत्येकाला वेगळा लन द्या (झेडएफएस या फाइलसिस्टिमवर एका मास्टर इमेजचे, म्हणजे तयार मूळ डिस्कचे, क्लोन काढले तर जागा फार जात नाही), नाहीतर एनएफएसवर (नेटवर्कवरून फोल्डर वाटून द्यायची पद्धत) रूट, म्हणजे सिस्टिमचं मूळ फोल्डर, रीड-ओन्ली आणि त्यावर रॅममधला ओव्हरलेएफएस (बदल मूळ फायलींत न लिहिता वरच्या थरात ठेवणारा), मी हेच वापरतो, अपडेट एकाच जागी करायचं आणि सगळे रीबूट मारायचे.

अजून एक, माझे दोन दिवस यात गेलेत. स्क्रीनवर सारखी पीएक्सई-ई५१ ही नेटवर्क बूटची एरर, म्हणजे डीएचसीपीकडून (आयपी पत्ता देणारा सर्व्हर) उत्तरच नाही, आणि मी सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये चुका शोधत बसलेलो. दोष स्विचचा होता, स्पॅनिंग ट्रीमुळे (नेटवर्कमध्ये लूप होऊ न देणारी स्विचची सोय) लिंक आल्यावर पोर्ट दोन टप्प्यांत १५ अधिक १५ असे ३० सेकंद काही पुढे सोडतच नव्हता, तोवर नेटवर्क कार्ड थकून गप्प. त्या पोर्टांवर पोर्टफास्ट (ही वाट न बघायची सेटिंग) लावलं की लगेच बूट. आणि टीएफटीपीवरून (फाइल पाठवायची जुनी साधी पद्धत) फक्त आयपीएक्सई हा छोटा बूट प्रोग्रॅम द्या, कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटआरडी (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फायलींची इमेज) एचटीटीपीवरून ओढा, टीएफटीपीच्या ५१२ बाइटच्या तुकड्यांनी मोठी इमेज यायला फार वेळ लागतो.