मदत हवी आहे: सारांशातलं वाक्य मूळ मजकुरात खरंच आहे का, हे तपासणारं टूल

मंडळी, ग्रामसभेच्या इतिवृत्तांचे सारांश एआयकडून करून घेतोय. मूळ कागद स्कॅन केलेले, टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामने मजकूर काढलेला. सारांश वाचायला झकास असतात, घोळ आत असतो. परवाचंच घ्या. मुळात ‘ठराव मंजुरीसाठी ठेवण्यात आला’, सारांशात ‘ठराव मंजूर झाला’!

एमडीबर्टा हे बहुभाषिक मॉडेल लावून पाहिलं, एक्सएनएलआयवर शिकवलेलं (म्हणजे एका वाक्यातून दुसरं निघतं का, हे दाखवणाऱ्या वाक्यजोड्यांच्या संग्रहावर). मूळ उतारा आणि सारांशातलं वाक्य दिलं की आधार आहे, विरोध आहे की काहीच कळत नाही, ते सांगतं. वरच्या वाक्याला त्याने बिनधास्त ‘आधार आहे’ म्हटलं. उलट मुळातलं ‘पावणेदोन लाख’ आणि सारांशातलं ‘1,75,000’ त्याला परस्परविरोधी वाटले. (पाऊण-सव्वा-दीडच्या फंदात माणसंही पडतात म्हणा.) एक्सएनएलआयच्या 15 भाषांत हिंदी आहे, मराठी नाही. दोष तिथलाच असावा असा माझा संशय.

इंडिकएक्सएनएलआय या त्याच संग्रहाच्या भारतीय भाषांतल्या आवृत्तीत मराठी आहे. त्यावर म्युरिल (भारतीय भाषांसाठीचं गूगलचं मॉडेल) शिकवून कुणी वापरलंय का? मॉडेलला एका वेळी द्यायला इतिवृत्ताचे तुकडे केवढे पाडता? आणि आकडे आधी अंकांत बदलून घेणारी तयार स्क्रिप्ट आहे का कुणाकडे? कागदांत लोकांची नावं आहेत, त्यामुळे सगळं माझ्याच लॅपटॉपवर चालायला हवं. 8 जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही.