हाफलिंग आठव्या पातळीवर अडकणार: मर्यादा पाळावी, सैल करावी की काढून टाकावी?

धागाकर्ता:

नमस्कार. आम्ही पाच जण गेली दोन वर्षे १९८१ सालच्या बेसिक आणि एक्स्पर्ट नियमांनुसार ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा काल्पनिक साहसांचा भूमिका-खेळ खेळत आहोत आणि डन्जन मास्टरची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची, जबाबदारी माझ्याकडे आहे. आमच्या गटातील हाफलिंग (बुटक्या वंशाचे एक पात्र) सध्या सातव्या पातळीवर असून तिचे अनुभव-गुण, म्हणजे खजिने मिळवून आणि शत्रूंना हरवून साठणारे, पातळी वाढवणारे गुण, लाखापुढे गेले आहेत. १,२०,००० गुणांना ती आठव्या पातळीवर पोहोचेल आणि नियमानुसार तिथेच थांबेल. या नियमांत एल्फ आणि ड्वार्फ या इतर मानवेतर वंशांपैकी एल्फला दहावीपर्यंत आणि ड्वार्फला बारावीपर्यंत जाता येते, मानवांना मात्र चौदावीपर्यंत वाट मोकळी आहे. ज्या मैत्रिणीने हे पात्र इतक्या मनापासून सांभाळले, तिला आता वाढ संपली असे सांगणे माझ्या अगदी जिवावर आले आहे. मोहीम, म्हणजे आमची सलग चाललेली साहसकथा, अजून किमान वर्षभर चालेल. काय करावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १:

मर्यादा घाईने रद्द करू नये, असे मी सुचवेन. ती नेमकी कुठे आणि केव्हा जाचते, हे आधी तक्ते समोर ठेवून पाहावे. या नियमांत लढवय्याची मारा करण्याची क्षमता प्रत्येक पातळीला वाढत नाही, तीन-तीन पातळ्यांच्या टप्प्यांनी वाढते, आणि सातवी, आठवी व नववी या पातळ्या एकाच टप्प्यात येतात. म्हणजे आठवीवर थांबलेली हाफलिंग आणि नववीवरचा मानवी लढवय्या हल्ल्याचा फासा टाकताना बरोबरीचेच असतात. अंतर पडते ते लढवय्या दहावी गाठतो तेव्हा, आणि त्यासाठी त्याला ३,६०,००० गुण लागतात. तुमच्या गटाला दोन वर्षांत साधारण लाखभर गुण मिळाले आहेत. पुढच्या काळात खजिने मोठे होत जातील हे धरूनही, वर्षभरात तो टप्पा येईलच असे नाही. शिवाय नववीनंतर लढवय्याला प्रत्येक पातळीला फक्त दोन हिट पॉइंट (जखमा सोसण्याची क्षमता मोजणारे गुण) मिळतात, त्यामुळे तिथेही दरी हळूहळूच रुंदावते. हाफलिंगचे बचाव-फासे (विष, जादू अशा धोक्यांतून वाचण्यासाठी टाकायचे फासे) याच पातळीच्या मानवी लढवय्यापेक्षा बरेच सरस असतात आणि रानात, झुडपांत लपण्याची तिची ९० टक्के शक्यता कायम राहते.

एल्फचे गणित वेगळे आहे, आणि मर्यादेचा खरा हेतू मला तिथेच दिसतो. १,२०,००० गुणांना मानवी लढवय्या आठवीवर असतो आणि जादूगार सातवीवर; एल्फ तेवढ्याच गुणांत तलवार आणि मंत्र या दोन्हींमध्ये सातवीवर पोहोचलेला असतो. मर्यादा नसती, तर जादूगार खेळण्याचे कारण फारसे उरले नसते. मर्यादेमुळे सहाव्या पातळीचे मंत्र एल्फला कधीच मिळत नाहीत आणि मानवी जादूगाराचे स्थान टिकते. हाफलिंगबाबत मात्र असे कोणतेही सबळ कारण मला आजवर सापडलेले नाही.

प्रतिसाद २:

वरील हिशेब मला मान्य आहे, परंतु या नियमात एक मूळचा दोष आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करू नये. अंधारात पाहण्याची दृष्टी, चांगले बचाव-फासे यांसारखे लाभ पात्राला पहिल्या दिवसापासून मिळतात, आणि त्यांची किंमत मात्र अगदी शेवटी वसूल होते. चौथ्या पातळीवर संपणाऱ्या मोहिमेत ती किंमत कोणीच मोजत नाही. जो खेळाडू सर्वांत जास्त काळ निष्ठेने खेळतो, त्याच्याच वाट्याला ती येते. १९७४ सालच्या मूळ नियमांत तर हाफलिंग चौथ्या आणि ड्वार्फ सहाव्या पातळीवर थांबत असे. या खेळाच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्स यांना मानवकेंद्री जग हवे होते, आणि १९७९ सालच्या डन्जन मास्टरांसाठीच्या पुस्तकात त्यांनी ही भूमिका विस्ताराने मांडली. ती भूमिका मला पटते, पण तिच्यासाठी निवडलेला हा मार्ग पटत नाही.

माझा सल्ला असा, की आठवीनंतर प्रत्येक पातळीसाठी दुप्पट गुण मागावेत. १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत मर्यादेपलीकडे अशाच संथ वाढीचा ऐच्छिक नियम होता. त्यामुळे मानव पुढे राहतात आणि कोणाच्याही वाटेवर भिंत उभी राहत नाही.

प्रतिसाद ३:

मर्यादा काढायचीच असेल, तर मानवांना मोबदल्यात काहीतरी द्यावे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत सर्व वंशांच्या मर्यादा उठवल्या, तेव्हा मानवांना एक जादा फीट (पात्राची खास क्षमता) आणि अधिक कौशल्य-गुण दिले गेले. आमच्या गटाने मोबदला न देता मर्यादा उठवली, आणि पुढच्या मोहिमेत एकाही खेळाडूने मानव निवडला नाही.

तुमच्याच नियमांच्या जवळचा आणखी एक तोडगा १९८४ सालच्या कम्पॅनियन या पुढच्या नियमसंचात आहे. त्यात हाफलिंगची पातळी आठच राहते, पण अनुभव-गुण साठत जातात आणि ठरावीक टप्प्यांवर तिची मारा करण्याची क्षमता वाढते. तुमच्या प्रसंगात मी हाच मार्ग निवडेन, कारण तो आहे त्या तक्त्यांना धक्का लावत नाही.

धागाकर्ता:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हे सर्व प्रतिसाद काल मैत्रिणीला वाचून दाखवले. दुप्पट गुणांचा पर्याय तिला नको आहे. कम्पॅनियनमधील पद्धत तिने आनंदाने स्वीकारली. हाफलिंगला पुरेसे धन असल्यास कोणत्याही पातळीवर स्वतःचा गड बांधता येतो, हे नियम पुन्हा वाचताना तिच्याच लक्षात आले, आणि जागा कोणती निवडावी यावर आमची रात्री उशिरापर्यंत चर्चा झाली. नदीकाठची टेकडी तिने जवळजवळ निश्चित केली आहे. गडाचा खर्च आणि तिथे येऊन राहणाऱ्या हाफलिंगांची वस्ती यांचा हिशेब कोणी प्रत्यक्ष मोहिमेत सांभाळला असेल, तर कृपया इथेच लिहावे.